बारा व्होल्टची कॉइल

इंजिन मिस मारायला लागलं की गाडीवाला दहा गोष्टी सांगतो. पेट्रोलमध्ये पाणी आहे, परवा अमक्याने बॉनेट उघडलं होतं, ड्रायव्हर गाडी दामटतो, मेव्हण्याची नजर लागली. या गोष्टी मी चाळीस वर्षं ऐकल्या. ऐकताना मान हलवायची आणि कान इंजिनाकडे ठेवायचा, एवढीच मेस्त्र्याची अक्कल. गिऱ्हाईक सांगतं त्यातलं निम्मं खोटं असतं, पण इंजिन खोटं बोलत नाही. मेस्त्री मात्र बोलतो, आणि आज मी तेच लिहायला बसलो आहे.

दिवाळी अंकवाल्यांनी माझ्याकडे गमतीचे किस्से मागितले. तसले पोत्याने आहेत. एका गृहस्थांनी, खाऱ्या वाऱ्याने गंज चढू नये म्हणून, होडीला चोपडतात तसं मोरी माशाच्या काळजाचं तेल गाडीच्या सगळ्या वायरींना चोपडलं होतं. रबर फुगून ठिणगी वाटेतच गळायची, आणि गाडी माझ्या दारात आली तेव्हा तिच्यामागे पाच-सहा मांजरं होती. दुसऱ्या एकाने खंडेनवमीला बॉनेट उघडून थेट इंजिनावरच नारळ वाढवला. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात पाणी गेलं, आणि दसऱ्याला घरची माणसं गाडी ढकलत सोनं द्यायला निघाली. असले किस्से सांगून मी पुष्कळ लग्नांच्या पंगती हसवल्या आहेत. हा किस्सा मात्र कुठल्याच पंगतीत सांगितला नाही.

आधी मिस मारणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जीपला चार सिलेंडर. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा दाबली जाते, प्लगमधून ठिणगी पडते, भडका होतो, गाडी चालते. एखाद्या सिलेंडरात ठिणगी पडली नाही की तिघं ओढतात आणि चौथा नुसता लोंबकळतो. गाडी खोकल्यासारखी करते. शोधायचं कसं? लाकडी मुठीचा डिसमिस घ्यायचा (स्क्रू-ड्रायव्हरला आम्ही मेस्त्री लोक डिसमिस म्हणतो), त्याचं टोक प्लगच्या डोक्याला आणि दांडा इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा. त्या प्लगची ठिणगी बंद होते. आवाज बदलला, तर तो सिलेंडर काम करत होता. नाही बदलला, तर तोच चोर. मला पुढे पुढे डिसमिसचीही गरज पडत नसे. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा कितवा सिलेंडर मेला आहे हे मी जेवताना सांगत असे, आणि बायको म्हणे, "तुमी जेवा हो, गाडी जातली आपली." याचा मला फार ताठा होता.

ही गोष्ट साठ सालाच्या अलीकडची. तेव्हा आमचा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. मालवणपासून सात-आठ मैलांवर एका तिठ्यावर माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर माडाची झापं आणि खाली एक खड्डा. जागा आबासाहेबांची. आबासाहेब म्हणजे गावचे मोठे मानकरी आणि आंब्याचे व्यापारी. लढाईनंतर लष्कराच्या लिलावात काढलेली एक जुनी जीप त्यांनी घेतली होती, आणि कोल्हापुराहून तिला लोखंडी टप, मागे बाकं आणि दारं करून आणली होती. पुढे दोघं, मागे सहा माणसं नाहीतर आंब्याच्या पेट्या. पंचक्रोशीत तशी गाडी दुसरी नव्हती. ती गेली की पोरं धुळीत धावायची.

तिचा ड्रायव्हर विश्राम. घर किनाऱ्यावरचं, बाप आणि दोन्ही भाऊ मच्छीमार. ह्याला मात्र होडी सोसत नसे. खाडीचं तोंड ओलांडलं की वांत्या, आणि त्या थांबतच नसत, पित्त पडून मग रक्त दिसे. अख्ख्या वाडीत ह्याची टिंगल. "दर्यावर जल्मलो आणि दर्याक भियाता," म्हणून बायासुद्धा हसत. शेवटी मुंबईला पळून लॉरीवर क्लीनर झाला, गाडी शिकला, लायसन घेऊन परत आला, आणि आबासाहेबांनी त्याला ठेवला. खाकी शर्ट घालून तो स्टिअरिंगवर बसला त्या दिवसापासून हसणं बंद झालं. त्याची आई मासे विकायला तिठ्यावर येई, ती टोपली खाली ठेवून जीप दिसेनाशी होईपर्यंत उभी राही. त्या सीटवरच त्याचं पोट होतं आणि त्याची अब्रूही.

एका वर्षी ऐन आंब्याच्या दिवसांत जीपची कॉइल जळाली. कॉइल म्हणजे बॅटरीची बारीक वीज वाढवून प्लगला देणारा डबा, औषधाच्या बाटलीएवढा. ती नवी मिळायची तर कोल्हापुराहून, म्हणजे आठ-दहा दिवस. आबासाहेब म्हणाले, "मेस्त्री, परवा बोट आसा. पेट्ये बंदरार पोचूक व्हये. काय ता कर." रस्त्याकडेला एक लॉरी दोन वर्षं मोडून पडली होती. तिची कॉइल मी काढून आणली. गंजलेली होती म्हणून पॉलिशकागद मारला आणि वर काळा रंग दिला, नवी दिसावी म्हणून. लावून पाहिली. ठिणगी पडली, पण मरतुकडी. मग मी चारही प्लगांची फट कमी केली. फट कमी असली की कमजोर ठिणगीही उडी मारते. इंजिन चालू झालं, झकास चाललं. आबासाहेबांनी माझी पाठ थोपटली.

खरा मेस्त्री असता तर तिथेच थांबला असता. ठिणगी कमजोर का, असं त्याने विचारलं असतं. मी विचारलं नाही. जीपची वीज सहा व्होल्टची आणि काही लॉऱ्यांची बाराची, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. पण गिऱ्हाईक उभं, बोट परवा, आणि गाडी चालू झाली होती. चालू झाली की झालं, ही आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट खोड.

आठवडाभराने विश्राम आला. "मेस्त्री, सपाटीर बरी चलता. उंबराच्या घाटयेत गेली की खोकता. अर्धे सिलेंडर मेले असा वाटता."

उंबराची घाटी म्हणजे गावापासून चार मैलांवरची चढण. मधल्या वळणावर उंबराखाली एक दगड आहे. ती देवचाराची जागा. देवचार म्हणजे आमच्याकडचा सीमेचा राखणदार. तो हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन फिरतो, वाटसराला सांभाळतो, पण मान राखला नाही तर वाट अडवतो. तिथे येणारा जाणारा बिडी ठेवी, नारळ ठेवी. मीही ठेवत आलो. गाडी बरोब्बर त्या वळणावर मिस मारून थांबायची. पहिल्यांदा थांबली तेव्हा आबासाहेब आत होते. ते खाली उतरले, गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला, बिडी ठेवली, पंधरा-वीस मिनिटांनी हँडल मारलं, आणि गाडी सुरसुरत चढून गेली. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. गावाची खात्रीच पटली. जीपमध्ये नारळांचं एक पोतंच ठेवलं गेलं.

मी गाडी तपासली. डिसमिस लावला, चारही सिलेंडर ठणठणीत. सकाळच्या गारव्यात मी आणि विश्राम रिकामी गाडी घेऊन घाटी चढून आलो, एकदाही खोकली नाही. मी सांगितलं, मशीनमध्ये काही नाही. आबासाहेब म्हणाले, "तू तुझा मशीन बघ. जागेचा माका कळता." मला सुटल्यासारखं झालं.

चार दिवसांनी भर दुपारी विश्राम गॅरेजात येऊन माझ्यापुढे उकिडवा बसला. म्हणाला, "एक गजाल सांगतंय, कोणाक सांगू नको. परवा गाडी थांबली, तेव्हा नारळ दिलंय नाय. कारकून मागे पेंगत होतो, मी दगडार बसान देवचाराची बिडी ओढलंय. बिडी सोपली, आणखी थोडो वेळ काढलंय, हँडल मारलंय, गाडी चढली. काल नारळ दिलंय आणि लगेच निघालंय, गार होवक दिलंय नाय. चढली नाय. आता बोल! नारळाचो काय संबंध? तिका गार होवक वेळ व्हयो, बस्स. मशीनीत कायतरी आसा, ता गरम झाला की मरता."

काय सांगू! मी इतक्या वर्षांचा मेस्त्री, आणि रोगाची अर्धी चिकित्सा एका ड्रायव्हरने बिडी ओढत केली होती. त्याला मिठी मारायला हवी होती. मला आला राग. हा कालचा क्लीनर मला शिकवणार? मी म्हटलं, "गाडी तू चलव, मशीन मी बघतंय." तो उठून गेला. त्याच्या खांद्याकडे बघून मला कळलं की त्याला लागलंय, पण मी नट घासत बसलो.

आज सांगतो काय होत होतं. बारा व्होल्टच्या कॉइलला सहा व्होल्ट दिले की ती अर्धपोटी राहते. सपाटीवर तिची ठिणगी कशीबशी पुरते. घाटीत भरलेली गाडी ओढताना सिलेंडरात हवा-पेट्रोल ठासून भरतं, दाब वाढतो, तिथे ठिणगीला जोर लागतो. वाऱ्यात बिडी पेटवण्यासारखंच ते, दुबळी काडी विझते. त्यात चार मैल चालून कॉइल तापलेली, म्हणजे आणखी दुबळी. गार झाली की थोडा जीव येतो. आणि त्याच वळणावर का? तर सगळ्यात खडी चढण तिथेच आहे. जीप येण्याआधी शंभर वर्षं बैलगाड्यासुद्धा तिथेच दम खायला थांबत. वाटसरू थांबत म्हणून तिथे देवचाराचा दगड आला असेल. पण हे सगळं मला नंतर सुचलं.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास जीप पेट्या भरून निघाली. पुढे आबासाहेब, मागे त्यांचा कारकून. वळणावर इंजिनाने दोन आचके दिले आणि मेलं. जुन्या जीपचे ब्रेक ते, ना पायाचा धरला ना हाताचा. गाडी मागे घसरायला लागली. एका बाजूला दरी, एका बाजूला दरड. विश्रामने स्टिअरिंग पिळून गाडी दरडीवर घातली. म्हणजे तिघांचे जीव त्याने वाचवले. पण धक्क्याने आबासाहेबांचा हात दाराच्या कांबीत सापडून मोडला आणि पेट्या रस्त्यावर फुटल्या. आंबे उतारावरून गडगडत गेले, ते वाटेवरच्या बायांनी ओच्यात भरून आणून दिले.

कारकून तिथल्या तिथे ओरडला, "ह्येणा त्या दिसा देवचाराची बिडी आपण ओढली! मी मागे बसलेलंय, डोळ्यांनी बघलंय. नारळ पण दिल्यान नाय!"

झालं. गाडी दोन जोड्या बैल लावून माझ्याकडे आणली, त्याआधीच ती बातमी तिठ्यावर पोचली होती. गाव म्हणायला लागलं, मुंबैचो वारो लागलो, देवचाराची थट्टा केल्यान.

त्या दुपारी मी एकटाच होतो. बॉनेट उघडलं. विश्रामचं बोलणं डोक्यात घुमत होतं: गरम झाला की मरता. कॉइल सोडवून हातात घेतली. मीच दिलेला काळा रंग मी सुरीने खरवडायला लागलो. तळाशी पत्र्यात ठोकलेला आकडा वर आला. बारा. मी तो खोबरेल लावून पुसला, पुन्हा वाचला. बारा तो बाराच. खड्ड्याच्या काठावर बसलो.

दुसऱ्या दिवशी विश्राम आला. कपाळाला पट्टी, अंगावर तोच खाकी शर्ट. म्हणाला, "सांजेक देवळात बसतले. कौल लावतले. कौल लागाच्या आधी आबासाहेब तुका इचारतले, मशीनीत दोष आसा काय. तू नुसता आसा म्हण. कोणाचो दोष ता सांगू नको. देवचाराचो नाय, माझो नाय, मशीनीचो. मगे कौल लावूची गरजच नाय." मग म्हणाला, "माका होडयेत बसाक जमणा नाय, तुका म्हायत आसा. ही सीट गेली तर माका दुसरा काय नाय रे."

कॉइल माझ्या पाठीमागे फळीवर होती, खरवडलेली. हात लांब केला असता तर त्याच्या हातात देता आली असती. मी म्हटलं, "बघतंय."

"बघतंय नाय, सांग."

"सांगतंय," मी म्हटलं.

संध्याकाळी देवळात मांडावर सगळे मानकरी बसले होते. बाहेर मच्छीमार वाडीतली माणसं उभी होती, त्यांत विश्रामची आई. आबासाहेब हात गळ्यात बांधून खांबाला टेकले होते. ते वाईट माणूस नव्हते, हे लिहिलं पाहिजे. त्यांनी खरोखरच आधी मला विचारलं. "मेस्त्री, देवासमोर इचारतंय. मशीनीत दोष आसा काय?"

एका शब्दाचं काम होतं. पण त्या शब्दामागून दुसरा आला असता. कसला दोष? कोणी लावली कॉइल? ज्याच्या जागेत माझं गॅरेज उभं, त्याचा हात माझ्यामुळे मोडला होता. ज्याच्या कानाची तिठ्यावर वाखाणणी होते, तो मेस्त्री सहा आणि बारा ओळखत नाही, असं झालं असतं. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला पळभरही लागलं नाही. विश्राम माझ्याकडे बघत होता. त्याला काळजी नव्हती. मी सांगणार अशी त्याची खात्री होती.

मी म्हटलं, "माका तसो काय दोष गावलो नाय."

विश्रामने आधी ऐकलंच नाही असं वाटलं. मग त्याचं तोंड थोडं उघडं राहिलं. मला त्याने शिवी दिली असती, सगळ्यांदेखत मला खोटारडा म्हटला असता, तर मी कदाचित फुटलो असतो. पण मेस्त्र्याने देवासमोर सांगितलं म्हटल्यावर त्याने मान खाली घातली.

गुरवाने पाषाणाला ओल्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान जागेचो मान मोडल्यान काय, कौल दी म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मीही म्हटलं. कळी उजवीकडची पडली, म्हणजे होकार. देवाला मी दोष देत नाही. त्याला जे विचारलं त्याचं त्याने उत्तर दिलं असेल. चुकीचा प्रश्न मी त्याच्यापुढे जाऊ दिला होता. ठरलं असं, की विश्रामने जागेवर रोट आणि नारळ द्यायचा, दर अवसेला, म्हणजे अमावास्येला, नारळ ठेवायचा, आणि गावच्या हद्दीत गाडीच्या चाकाला हात लावायचा नाही. बाहेर त्याच्या आईने हंबरडा फोडला, तो दाबायला कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवला.

आता यापुढचं ऐका, कारण सगळ्यात कडू भाग हाच आहे. मी एसटीच्या ड्रायव्हरकडून गुपचूप कोल्हापुराहून सहा व्होल्टची कॉइल मागवली. तोवर गाडीचा पत्रा ठोकायला वेळ लागला म्हणून सांगितलं. कॉइल लावली, प्लगांची फट पुन्हा नीट केली. नवा ड्रायव्हर बसला, मागे पेट्या खच्चून, भर दुपारचं ऊन, आणि गाडी उंबराच्या घाटीत एकदाही न खोकता चढली. आबासाहेब तिठ्यावर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "बघलात? तेका उतरवल्यार गाडी सुदारली!"

मी केलेली दुरुस्ती विश्रामच्या गुन्ह्याचा पुरावा झाली. मी मनापासून, झटून, चोख काम केलं होतं, आणि त्या चोख कामानेच त्याच्यावर शेवटचा शिक्का मारला. गाडी थोडी जरी खोकली असती तर लोकांना शंका आली असती. ती खोकलीच नाही. उलट माझं नाव वाढलं. मेस्त्री सांगता ता देव पण सांगता, असं लोक म्हणायला लागले. लांबलांबच्या गाड्या यायला लागल्या. शिरा पडो असल्या नावावर!

विश्रामने पुन्हा मुंबईला जायचं काढलं, पण आईने सोडलं नाही म्हणून राहिला. भावांबरोबर दोनदा होडीत गेला, दोन्हीदा त्याला मेल्यासारखा उचलून आणला. शेवटी तो रापणीवर लागला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं टाकून येते आणि वाळूत उभी माणसं दोन बाजूंनी दोर ओढतात. ज्याला दुसरं काही येत नाही, म्हातारा झाला, त्याचं ते काम. हा तिशीचा गडी म्हाताऱ्यांच्या रांगेत पाठमोरा चालत दोर ओढायचा. मी बंदरावर गेलो की लांबच्या वाटेने जायचो.

दहा वर्षं गेली. आबासाहेब वारले, मी माझी स्वतःची जागा घेतली. म्हणजे आता मला कोणी काही करू शकत नव्हतं. धीर आला तो तेव्हा. लाज वाटते, पण आहे ते आहे. एका सकाळी मी विश्रामच्या घरी गेलो. तो अंगणात दोर वळत बसला होता. केस पिकले होते. मला बघून खरोखर आनंदला, सारवलेल्या ओट्यावर तट्ट्या टाकला.

मी बसलोच नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मोडक्या लॉरीची कॉइल, काळा रंग, बाराचा आकडा, देवळातलं खोटं, कोल्हापूरची कॉइल. म्हटलं, "दोष माझो होतो विश्राम. मी तुझा आयुष्य नासवलंय. काय म्हणाचा ता म्हण."

तो ऐकत होता, हातातला दोर थांबला होता. मग हसला, समजूत घातल्यासारखं. म्हणाला, "मेस्त्री, इतकी वर्सां झाली, अजून तुझो जीव माझ्यासाठी तुटता. बरो माणूस तू. पण माझो गुन्हो तू कित्याक आंगार घेतंस?"

"अरे गुन्हो नव्हतोच! तूच माका सांगलेलंस, तिका गार होवक वेळ व्हयो म्हणान!"

"तेव्हा ज्वान होतंय, मस्ती होती," तो म्हणाला. "बिडी मीच ओढलंय ना? आणि मी उतरलंय तशी गाडी सुदारली. सगळ्या गावान बघल्यानी. तू पण बघलंस."

"मी सुदारलंय ती! कॉइल बदलून!" मी ओरडलो. आतून त्याची बायको दाराशी येऊन बघायला लागली. मला चीड आली होती, त्याची नव्हे, माझी. दहा वर्षं दर अवसेला नारळ ठेवून ठेवून त्याने स्वतःला अपराधी मानून घेतलं होतं. माझं खोटं त्याला आता खरंच झालं होतं, आणि ते काढून घेतलं तर त्याच्याजवळ राहणार काय? रापणीचा दोर, आणि तोही विनाकारण ओढलेला. त्याला ते नको होतं. मी जे द्यायला आलो होतो ते घ्यायला माणूसच उरला नव्हता.

तो उठला, घाबरून माझ्या जवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "वगी रव मेस्त्री, असा मोठ्यान बोलू नको. तो आयकता. तुका पोरांबाळां आसत." मग बायकोला म्हणाला, "आयकलंस गो? ह्या अवसेक एक नारळ जास्त काढून ठेव. मेस्त्रीच्या नावान दितंय. बोलता बोलता गेला तोंडातसून, तेका काय होवक नको." आणि मला चहा प्यायला बसवलं.

अवस झाल्यावर मी मुद्दाम घाटीतून गेलो. उंबराखालच्या दगडापुढे दोन नारळ फोडलेले होते.